माजी सैनिकाच्या पत्नीचा वेफर्सचा कारखाना : कर्ज कुणाच्या नावावर घ्यायचं?

प्रश्न असा आला आहे : "यजमान महूला हवालदार आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतील. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मला राऊच्या आसपास बटाटा वेफर्सचा छोटा कारखाना टाकायचा आहे, खर्च 20 लाखांच्या घरात जाईल. माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नीसाठी वेगळं कर्ज असतं असं वाचलं. ते कुठे मिळतं? यजमानांच्या नावावर घ्यावं की माझ्या? यजमान पुढे सिक्युरिटी एजन्सी काढायची म्हणतात. आणि माझ्या जाऊबाईंचे यजमान सैन्यात असतानाच गेले, त्यांना यात घेता येईल का?"

ताई, तुम्ही जे वाचलंत ते बहुधा अमेरिकेचं असणार. तिथे एसबीए नावाची सरकारी संस्था छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देते, आणि तिच्या 'एक्स्प्रेस' प्रकारच्या कर्जावरची हमीची फी माजी सैनिकांना आणि त्यांच्या पती किंवा पत्नीलाही माफ आहे. 2015 साली तसा कायदाच झाला. हे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आपल्याकडे येतात आणि लोक बँकेत जाऊन 'ते फौजींचं लोन' मागतात. समोरचा बाबू म्हणतो असं काही नसतं, आणि माणूस हिरमुसून परत येतो. छोट्या उद्योगांची कर्जं बघण्यात माझी नोकरी गेली. हा प्रसंग काउंटरवर नेहमीचाच होता.

आपल्याकडे सैनिकाच्या नावाचं वेगळं कर्ज जवळजवळ उरलेलं नाही. जुन्या पुस्तिकांत 'सेमफेक्स' नावाच्या योजना सापडतील, त्यांच्या मागे धावू नका. आज आहे ती सवलत सर्वसाधारण योजनांच्या आत एका खणात बसवलेली आहे. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी. खादी ग्रामोद्योग आयोग ती चालवतो. उत्पादनाच्या उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प, सेवेच्या धंद्याला 20 लाखांपर्यंतचा. सर्वसाधारण अर्जदाराला शहरात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के सबसिडी, स्वतःचे 10 टक्के घालायचे. विशेष प्रवर्गाला शहरात 25, ग्रामीण भागात 35, आणि स्वतःचे फक्त 5 टक्के. माजी सैनिक या विशेष प्रवर्गात येतात.

आता नीट वाचा, कारण तुमचा निर्णय इथेच होतो. त्याच विशेष प्रवर्गात महिलाही येतात, कुठल्याही जातीच्या, कुणाच्याही पत्नी असोत. म्हणजे अर्ज यजमानांनी माजी सैनिक म्हणून केला काय आणि तुम्ही बाई म्हणून केलात काय, टक्के तेच. 'सैनिकाची पत्नी' असा वेगळा रकाना तिथे नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. उलट तुमच्या नावावर केलात तर डिस्चार्ज बुक, माजी सैनिकाचं कार्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, यातलं काहीच जोडावं लागत नाही. यजमान घरी येण्याची वाट बघायचीही गरज नाही. ते नोकरीत असेपर्यंत माजी सैनिक नाहीतच, आणि नोकरीत असताना धंदा करायला त्यांना मुभा नाही. तुम्ही मात्र आजही अर्जदार होऊ शकता. फक्त पत्नीने उद्योग सुरू केल्याचं त्यांनी युनिटला लेखी कळवून ठेवावं, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको.

याची दुसरी बाजूही आहे. पीएमईजीपीमध्ये कुटुंबाला एकच युनिट मिळतं, आणि कुटुंब म्हणजे नवरा आणि बायको. तुम्ही घेतलंत की यजमानांचा दरवाजा बंद. ते सिक्युरिटी एजन्सीचं म्हणताहेत, त्याकडे नंतर येतो, पण सबसिडीची ही एकच संधी वेफर्सवर खर्च करायची की एजन्सीवर, असं विचाराल तर मी क्षणाचाही विचार न करता वेफर्स म्हणेन. सबसिडीचा खरा उपयोग यंत्रांना होतो. एजन्सीत यंत्रं कुठली?

जागेचं मात्र पुन्हा बघा. तुम्ही राऊ म्हणता. राऊला नगर परिषद आहे, तेव्हा योजनेच्या हिशेबाने ते शहर झालं. पंचायतीच्या हद्दीतली जागा ग्रामीण, पालिकेच्या हद्दीतली शहरी, असा सरळ नियम आहे. महूची छावणीही पंचायतीत येत नाही. राऊच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत येणाऱ्या गावात शेड भाड्याने मिळाली तर टक्के 25 चे 35 होतात. 20 लाखांवर हा फरक 2 लाखांचा आहे. जागा ठरवण्याआधी पंचायतीकडून ग्रामीण क्षेत्राचा दाखला मिळतोय का ते विचारा. भाडेकरार झाल्यावर विचारणारे पुष्कळ भेटतात. मात्र 2 लाखांसाठी अशा गावात जाऊ नका जिथे थ्री-फेज वीज धड टिकत नाही. तळणीचं तेल तापलेलं असताना वीज गेली तर नुकसान काय होतं ते कुठल्याही वेफर्सवाल्याला विचारा.

खाद्यपदार्थ म्हटल्यावर आणखी एक योजना डोळ्यांसमोर ठेवा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची पंतप्रधान योजना, पीएमएफएमई. 'एक जिल्हा एक उत्पादन' या यादीत आपल्या इंदूर जिल्ह्याच्या वाट्याला बटाटाच आला आहे, त्यामुळे वेफर्सची फाइल तिथे परकी वाटत नाही. सबसिडी 35 टक्के, कमाल 10 लाख, शहर-गाव असा भेद नाही. पण स्वतःचे किमान 10 टक्के लागतात, आणि 35 टक्के मोजले जातात ते यंत्रसामग्री आणि उद्योगाच्या तांत्रिक बांधकामावर. खेळतं भांडवल त्यात धरत नाहीत. पीएमईजीपीच्या प्रकल्पखर्चात ते धरतात. जमिनीची किंमत दोन्हीकडे धरत नाहीत.

तुमच्या 20 लाखांत समजा 16 लाख यंत्रं आणि शेडचं काम, आणि 4 लाख खेळतं भांडवल. पीएमएफएमईत सबसिडी 16 लाखांवर, म्हणजे 5 लाख 60 हजार. पीएमईजीपीत शहरी जागा असेल तर 5 लाख, ग्रामीण असेल तर 7 लाख. तेव्हा राऊतच राहायचं ठरलं तर पीएमएफएमई थोडी सरस, गावात जायची तयारी असेल तर पीएमईजीपी. एकाच प्रकल्पावर दोन्ही मिळत नाहीत. दोन्ही योजनांची मंजुरी 2025-26 या आर्थिक वर्षापर्यंतची होती, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टल उघडून नवे अर्ज घेतले जाताहेत का आणि टक्के तेच आहेत का हे स्वतः बघा. कुणाच्या सांगण्यावर, माझ्यासुद्धा, विसंबू नका.

सबसिडी हातात मिळत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पीएमईजीपीत तुमचे 5 टक्के म्हणजे 1 लाख, उरलेले 19 लाख बँक देते. ग्रामीण जागा धरली तर सरकारकडून आलेले 7 लाख बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षं युनिट चालू असेल, पाहणीत तसं दिसलं, तर ती रक्कम कर्जात वळती होते. युनिट बंद पडलं तर सबसिडी परत जाते आणि 19 लाख तुमच्या डोक्यावर. म्हणजे तुमचं खरं कर्ज 12 लाखांचं. ते सगळं मुदतकर्ज धरलं, 11 टक्के व्याज आणि सात वर्षं धरली, तर हप्ता साडेवीस हजारांच्या आसपास येतो. हा आकडा कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. दरमहा एवढं वेफर्समधून निघणार आहे का, हा प्रश्न सबसिडीपेक्षा मोठा आहे.

निघेल, पण बटाटा समजून घेतला तर. साधारण चार किलो बटाट्यातून एक किलो वेफर्स निघतात, बाकी पाणी. चोइथराम मंडीत फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा माल स्वस्त असतो, म्हणून लोक तेव्हा भरून ठेवतात, आणि साध्या कोल्ड स्टोअरेजला ठेवतात. तिथलं तापमान 2 ते 4 अंश. एवढ्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर वेफर्स काळपट पडतात. वेफर्सच्या बटाट्याला 10 ते 12 अंशांची खोली आणि कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया लागते. जातही बघावी लागते, 'चिप्सोना' किंवा 'लवकर' या नावाची जात चालते, भाजीचा कुठलाही बटाटा चालत नाही. हे मी कर्जाच्या उत्तरात का सांगतोय? कारण हंगामात बटाटा भरायला पैसा लागतो आणि प्रोजेक्ट रिपोर्टवाले खेळतं भांडवल हमखास कमी दाखवतात. यंत्रांचं कोटेशन वाढवलं की फाइल भारदस्त दिसते ना! मग यंत्रं येतात, आणि एप्रिलमध्ये बटाटा घ्यायला हातात पैसे नसतात. मी पाहिलेल्या बंद युनिटांतली बरीच अशीच बंद पडली, यंत्रं कोरी करकरीत. पीएमईजीपीत खेळत्या भांडवलाची मर्यादा घेतली की ती वापरावीही लागते. तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण उचललेली आणि सरासरी 75 टक्क्यांच्या खाली न गेलेली दिसली पाहिजे. म्हणून आकडा फुगवून किंवा दाबून न लिहिता हंगामाच्या खरेदीवरून काढा.

तारणाचं थोडक्यात. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ही मर्यादा बरीच वर्षं 10 लाख होती, आज किती आहे ते बँकेत विचारा. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी न्यासाची हमी घेता येते, बँक तिची फी भरते आणि बहुधा तुमच्याकडून वसूल करते. महिलांच्या उद्योगाला या हमीचं कवच जास्त मिळतं, हेही तुमच्या नावाच्या बाजूने. तरी मॅनेजर घराची कागदपत्रं मागेलच. मागितली तर भांडू नका. अर्जातच 'हमी योजनेखाली विचार करावा' असं एक वाक्य लिहून पोच घ्या. लेखी नकार द्यायची वेळ आली की बरेच जण मऊ होतात.

आता पेन्शन. या उत्तरातला माझ्या मते हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि फौजी घरांत यावरच सगळ्यात कमी बोलणं होतं.

यजमान सुटतील तेव्हा पेन्शनचा अर्धा भाग विकता येतो, कम्युटेशन. उदाहरणापुरतं धरा की शेवटचं वेतन 52 हजार, म्हणजे मूळ पेन्शन 26 हजार. त्यातले 13 हजार कम्यूट केले, चाळिशीच्या आसपास गुणक साधारण 9 पडतो, तर 14 लाखांच्या घरात रक्कम एकदम हातात येते. दरमहा 13 हजार मूळ पेन्शन उरते, महागाई सवलत मात्र पूर्ण 26 हजारांवर मिळत राहते, आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. हे 14 लाख आले की घरात पहिला विचार येतो : कर्ज कशाला, यातूनच कारखाना टाकू! टाकू नका. ती रक्कम म्हणजे पंधरा वर्षांची अर्धी पेन्शन आहे. त्यातून तुमचे 1 लाख घाला, सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढे वेगळ्या खात्यात ठेवा, आणि बाकीचं मुलांच्या शिक्षणाला किंवा घराला राहू द्या. कारखाना बँकेच्या पैशावर चालवा. बँक निदान हिशेब विचारते, कम्युटेशनचा पैसा कुणाला काही विचारत नाही.

दुसरा मोह पेन्शन लोनचा. पेन्शन खातं असलेली बँक दोन दिवसांत देते, प्रोजेक्ट रिपोर्ट नको, पाहणी नको. पण ते वैयक्तिक कर्ज असतं, त्यावर सबसिडी नाही, आणि हप्ता थेट पेन्शनमधून कापला जातो. बहुधा जामीन म्हणून पत्नीचीच सही घेतात, कारण फॅमिली पेन्शन तिलाच मिळणार. वेतनाच्या 50 टक्के पेन्शन असते, साधारण फॅमिली पेन्शन 30 टक्के. वरच्या उदाहरणात 26 हजारांच्या जागी 15 हजार 600. काही वर्षं वाढीव दराने मिळते, यजमानांचं वय 67 होईपर्यंत किंवा सात वर्षं, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. नंतर साधारण दर. बोलायला वाईट वाटतं, पण हप्ता ठरवताना तुम्हाला मिळू शकणाऱ्या 15 हजार 600 वर ठरवा, आज घरात येणाऱ्या रकमेवर ठरवू नका.

पेन्शन कायदा 1871 सालचा आहे, आणि त्याच्या कलम 11 प्रमाणे सावकाराच्या देण्यापोटी पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. ही ढाल तुम्हीच खाली ठेवता ती हप्ता पेन्शन खात्यातून वळता करण्याच्या सूचनेवर सही करून. म्हणून कारखान्याचं खातं वेगळ्या बँकेत, निदान वेगळ्या शाखेत उघडा. हप्ता तिथूनच जाऊ द्या.

कागदांत एक काम यजमान नोकरीत आहेत तोवरच उरकून घ्या. तुमचं नाव त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये कसं लागलंय ते बघा. आपल्यात लग्नानंतर नाव बदलतात, आणि फौजेच्या कार्यालयात कारकून कधी माहेरचं नाव, कधी नावापुढे 'बाई' किंवा 'देवी' लावून मोकळा होतो. आधार, पॅन, बँक खातं आणि रेकॉर्ड यांत एकच नाव हवं. युनिटमध्ये असताना पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या नोंदीच्या आदेशाने, दुरुस्ती होते. सुटल्यावर तेच काम पीपीओच्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या, शुद्धिपत्राचं होतं, स्पर्श या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. आजच्या कर्जाला हे लागणार नाही, पण फॅमिली पेन्शनला लागेल.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो. पीएमईजीपीत उत्पादनाचा प्रकल्प 10 लाखांवर असेल तर किमान आठवी पास लागते. पोलोग्राउंडच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसा, तिथे उत्तर मिळतं. बाहेर चहाच्या टपरीवर 'सबसिडी पास करून देतो, 10 टक्के द्या' म्हणणारे उभे असतात. सबसिडी पास होते ती बँकेच्या मंजुरीवर, आणि बँकेची मंजुरी त्यांच्या हातात नसते. तुमचा सिबिल आधी काढून बघा. क्रेडिट कार्डाचं विसरलेलं 800 रुपयांचं देणं फाइल अडवतं.

मध्य प्रदेशची उद्यम क्रांती योजनाही आहे. तिच्यात सबसिडीऐवजी व्याजात 3 टक्के सवलत, सात वर्षांपर्यंत, आणि दुकानदारीही चालते. पण वयाची मर्यादा 45 आहे, आणि फौजी घरी येईपर्यंत ती बहुधा ओलांडलेली किंवा काठावर असते. पत्नी वयाने लहान असते, तिला जमू शकतं. मुद्रा तर सगळ्यांनाच माहीत आहे : 10 लाखांपर्यंत, आणि 'तरुण' गटाचं कर्ज घेऊन फेडलेलं असेल तर 20 लाखांपर्यंत. सबसिडी नाही.

यजमानांच्या सिक्युरिटी एजन्सीबद्दल. इंदूरला सुटून येणाऱ्या दर दुसऱ्या हवालदाराच्या डोक्यात ती असते. 2005 च्या कायद्याखाली परवाना लागतो, तो मिळतो. अडचण पुढे येते. गार्डचा पगार 7 तारखेला द्यायचा, पीएफ-ईएसआय 15 तारखेच्या आत भरायचं, आणि सोसायटी किंवा कंपनी बिल देणार दोन-तीन महिन्यांनी. वीस गार्ड म्हणजे तीन महिन्यांचे पगार आपल्या खिशातून. यासाठी सबसिडीचं मुदतकर्ज कामाचं नाही, कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कर्ज, लागतं, आणि ते दोन वर्षांची बिलं दाखवल्याशिवाय बँक सहसा देत नाही. त्यांना म्हणावं, आधी कुणाच्या तरी एजन्सीत सुपरवायझर म्हणून वर्षभर राहा, वसुली कशी होते बघा. सुटण्याआधी पुनर्वसन महासंचालनालयाचे, डीजीआरचे, कोर्स मिळतात, त्यांतला अन्नप्रक्रियेचा किंवा छोट्या उद्योगाचा एखादा मिळाला तर तुमच्याच कारखान्याला माणूस तयार होईल.

जाऊबाईंचं. त्यांना पहिली भीती हीच असणार की धंद्यात कमाई झाली तर फॅमिली पेन्शन बंद होईल. होत नाही. विधवेची फॅमिली पेन्शन तिच्या धंद्यातल्या मिळकतीवर अवलंबून नसते. उत्पन्नाची अट आई-वडील आणि मुलांना असते. अपत्य नसताना पुनर्विवाह केला तर तिथे मात्र उत्पन्न बघतात. पीएमईजीपीलाही उत्पन्नाची मर्यादा नाही. त्या तुमच्या 'कुटुंबा'त मोडत नाहीत, तेव्हा महिला म्हणून त्यांचा स्वतंत्र अर्ज होऊ शकतो.

पण तुमच्याच युनिटमध्ये भागीदार करायचं असेल तर पीएमईजीपी सोडून पीएमएफएमईकडे जा, तिथे भागीदारी संस्था चालते. माझ्या मते भागीदारी नको. एकीच्या कारखान्याचा हप्ता थकला तर दोघींचा सिबिल बिघडेल, आणि दुसरीकडे तर घर फॅमिली पेन्शनवरच चालतंय. त्यांनी वेगळं छोटं युनिट टाकावं, पॅकिंगचं किंवा मसाला-मिश्रणाचं, 5-6 लाखांचं, आणि तुमचा माल त्यांनी पॅक करावा. बिलं दोघींची वेगळी, उद्यम नोंदणी वेगळी, ती मोफत होते. तुमचं युनिट आधी सहा महिने चालू द्या. त्यांच्या फाइलला तुमच्या ऑर्डरचं पत्र जोडता आलं तर बँकेत बोलणं सोपं जाईल. त्याआधी त्यांचं सैनिकाच्या विधवेचं ओळखपत्र आणि पीपीओ जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून विधवांसाठीच्या प्रशिक्षण अनुदानाची चौकशी करायला सांगा. ते अनुदान आहे, कर्ज नाही, आणि त्यासाठी कारखाना सुरू होण्याची वाट बघावी लागत नाही.